एका कवळीला किती तुकडे

शेवटी बोचक्याने अध्यक्षांचे दात पळवले. नंतर मात्र असं काही घडलंच नाही असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं आणि सचिवबाईंनी वहीत तशी नोंदही केली. त्यामुळे ते घडलं नाही असंच आपणही धरून चालू. वहीच्या विरोधात जाणारे आपण कोण?

बोचकं म्हणजे एक कुत्रा. मातकट रंग, एक कान उभा, दुसऱ्याने अजून निर्णय घेतलेला नाही. एके दुपारी चुकीच्या जागी लावलेल्या स्कूटरच्या मालकाला झापायला मामा चार जिने उतरून खाली गेला होता. मालक सापडला नाही, पण स्कूटरच्या आच्छादनात गुंडाळलेलं काहीतरी धडपडत होतं. मामा ते उचलून वर घेऊन आला.

"काय आणलंस, मामा?" भाचीने विचारलं.

"बोचकं," मामा म्हणाला. नामकरण तिथेच उरकलं.

भाची कवळ्या बनवायची. घराची पुढची खोली हाच तिचा कारखाना. टेबलावर प्लास्टरचे जबडे, मेणाच्या पट्ट्या, गुलाबी भुकटीच्या बरण्या, आणि तयार कवळ्या पाण्याच्या डब्यांत, प्रत्येकीवर मालकाच्या नावाची चिठ्ठी. इमारतीत तिला सगळे कवळीताई म्हणत. तिचा हात केसभरही इकडचा तिकडे होत नसे.

मामा एकतीस वर्षं गाडी चालवायला शिकवत होता. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालचा जादा ब्रेक सांभाळत, त्याने निम्म्या शहराचा जीव वाचवला होता, असं त्याचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर तो खुर्चीत बसला तो त्या स्कूटरच्या दुपारपर्यंत आठ महिने उठलाच नाही. टीव्हीवर कुणी घाईने रस्ता ओलांडला की उजवा पाय जमिनीवर दाबायचा, तेवढाच व्यायाम. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तर म्हणाला, "कुठे जायचं ते ठरलं नसताना गाडी बाहेर काढू नये."

बोचकं आलं आणि ते ठरलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. लिफ्टमध्ये कुत्र्यांना मनाई, म्हणजे दिवसाला बारा जिने खाली आणि बारा वर. पहिल्या महिन्यात मामाचे गुडघे कुरकुरले, दुसऱ्या महिन्यात त्यांचं ऐकायला कुणी नाही हे त्यांच्या लक्षात आलं. तिसऱ्या महिन्यात तो चक्क जिन्यात शीळ घालू लागला. कवळीताईने यावर चकार शब्द काढला नाही. एखादी गोष्ट तुझ्या भल्याची आहे असं मामाला सांगितलं की तो ती सोडून देई.

म्हणून इमारतीच्या समितीची नोटीस आली तेव्हा तिने ती दोनदा वाचली. बोचकं बेल वाजली की छत डोक्यावर घेतं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर उड्या मारतं, आणि दुसऱ्या मजल्यावरची एक छत्री त्याने ज्या अवस्थेत परत केली तिला छत्री म्हणता येत नाही. तीस दिवसांनी समितीसमोर वर्तनाची चाचणी. नापास झालं तर कुत्रा इमारतीबाहेर. अध्यक्षांनी खाली स्वतःच्या अक्षरात जोडलं होतं, 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.'

"परीक्षा आहे ना?" मामा नोटीस दुमडत म्हणाला. "तीस दिवसांत मी आंधळ्यालासुद्धा पास केलं असतं."

"केलंस का?"

"शेवटच्या क्षणी कळलं म्हणून, नाहीतर केलंच होतं."

कुत्र्यांना शिकवणाऱ्या एक बाई आल्या. गळ्यात शिट्टी होती, पण ती त्यांनी एकदाही वाजवली नाही, म्हणून त्यांचं नाव शिट्टीबाई पडलं. त्यांचं सांगणं सोपं होतं. ओरडायचं नाही, मारायचं तर नावच नको. जे हवं ते त्याने केलं की त्याच क्षणी बक्षीस, वाटाण्याएवढा तुकडा. उशीर झाला तर बक्षीस कशाचं ते त्याला कळत नाही. बेल आपणच वाजवायची आणि तो गप्प राहून सतरंजीवर गेला की द्यायचं. अंगावर उडी मारली की पाठ फिरवायची, चारी पाय जमिनीवर आले की द्यायचं. दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटं, बस्स.

"आणि दोघांनी शब्द एकच वापरायचा," शिट्टीबाई म्हणाल्या. "तुम्ही बसवताना काय म्हणता?"

"बस," कवळीताई म्हणाली.

"गाडी बाजूला घे," मामा म्हणाला.

बोचकं ताबडतोब बसलं. शिट्टीबाईंनी जरा विचार केला. "कुत्र्याला शब्दाशी देणंघेणं नसतं. हाच ठेवा."

निघता निघता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्याने काही उचललं तर मागे धावू नका, धावलात की तो खेळ झाला. त्याच्या तोंडात आहे त्यापेक्षा चांगलं काहीतरी पुढे करा आणि अदलाबदल करा.

आता हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही घरात सुखाने नांदलं असतं. पण इथे एक माणूस केसभर चूक खपवून घेत नव्हता आणि दुसरा नियमाच्या पुस्तकावर जगला होता. त्यांनी तंतोतंत पाळलं. मोजा आणला तर गाजराचा तुकडा, कारण गाजर मोज्यापेक्षा चांगलं. चप्पल आणली तर बिस्कीट. मामाचं न वाचलेलं वर्तमानपत्र आणलं तर चीज. आणि एका मंगळवारी बोचक्याने अर्धवट घासलेली वरची कवळी उचलली तेव्हा कवळीताईचा जीव असा वरखाली झाला की तिने उकडलेल्या चिकनचे सहा तुकडे एकदम काढून दिले.

बोचक्याने मोजे सोडले ते कायमचे. आवळा देऊन कोहळा काढायची विद्या त्याला एका मंगळवारात आली होती.

त्या आठवड्यात त्याने चार कवळ्या आणल्या. खरं म्हणजे पळवल्या म्हणणं अन्याय होईल, कारण तो पळत नव्हता. कवळी दातांत अलगद धरून तो टेबलासमोर येऊन बसायचा आणि शांतपणे वाट बघायचा. समोरून बघणाऱ्याला एक मातकट कुत्रा बत्तीशी दाखवून हसतोय असं वाटे. माप द्यायला आलेल्या एका पोस्टमास्तरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "याची छान बसलीय हो. मलाही अशीच करा."

कवळीताईने शिट्टीबाईंना फोन केला. पलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला.

"सगळ्यात जास्त कशाला देता?"

"दातांना."

"मग तो दुसरं काय आणेल? तुमच्या घरात दात महाग आहेत हे त्याला कळलंय. चूक त्याची नाही, तुमची आहे."

"मी नको म्हणत होतो," मामा फोनच्या दिशेने ओरडला. "सहा तुकडे म्हणजे लाच आहे!"

"आणि वर्तमानपत्राला चीज कुणी दिलं?" भाचीने विचारलं.

"ते फार जुनं वर्तमानपत्र होतं. चीजची किंमतच नव्हती त्याची."

उपाय पुन्हा सोपाच निघाला. दात त्याला पोहोचणार नाहीत असे ठेवायचे, म्हणजे चोरी सुचायलाच नको. अदलाबदल त्याच्या खेळण्यांवर शिकवायची आणि खेळणं लगेच परत द्यायचं, म्हणजे दिल्याने काही जात नाही हे त्याला कळतं. आणि दातांकडे बघून त्याने मान वळवली की बक्षीस. कवळ्या काचेच्या कपाटात वर गेल्या. बोचकं कपाटासमोर बसायचं, वर बघायचं, मग उसासा टाकून भिंतीकडे बघायचं. भिंतीकडे बघितलं की तुकडा. तिसाव्या दिवसापर्यंत त्या भिंतीचं बोचक्याइतकं बारीक निरीक्षण दुसऱ्या कुणी केलं नसेल.

चाचणी रविवारी सकाळी, तळमजल्यावरच्या समितीच्या खोलीत झाली. खोलीत एक बुटकं टेबल, तीन खुर्च्या आणि सूचनांनी भरलेला फळा. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बोचक्याच्या पट्ट्याला 'शिकाऊ' अशी लाल पाटी अडकवली होती. अध्यक्ष गंभीर होते. ते कायमच गंभीर असत, कारण मोठ्याने हसलं की त्यांची खालची कवळी उचलली जाई. शेजारी वही घेऊन सचिवबाई, त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. ही मेहुणी बैठकीत जे बघे ते वहीत जाई आणि जे वहीत जात नसे ते थेट बहिणीच्या कानात.

"बसवा त्याला," अध्यक्ष म्हणाले.

"गाडी बाजूला घे," मामा म्हणाला.

बोचकं बसलं. वहीत 'बसला' असं लिहिलं गेलं. सचिवबाई बाहेर जाऊन बेल वाजवून आल्या, बोचकं सतरंजीवर जाऊन पडलं. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी सात वेळा वाजवली. सातव्या वेळी अध्यक्षच दचकले, बोचकं नाही. मग त्या मुद्दाम त्याच्या अगदी पुढ्यातून दोनदा गेल्या. चारी पाय जमिनीवर. कवळीताई दर वेळी तुकडा देत होती आणि हातातला डबा हलका होत होता. शेवटचा तुकडा सचिवबाईंनी हातातली छत्री उघडून मिटली तेव्हा संपला.

"हं," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं.

पेन कागदाला टेकणार तोच अध्यक्ष थांबले. "बरी आठवण झाली. तू आहेसच तर बघ गं, हे खालचं इथे टोचतंय." आणि त्यांनी खालची कवळी काढून बुटक्या टेबलावर ठेवली.

बोचक्याने कवळीकडे बघितलं. मग सवयीने भिंतीकडे बघितलं. तुकडा आला नाही. त्याने पुन्हा एकदा, जरा ठळकपणे, भिंतीकडे बघितलं. डबा रिकामा होता. तेव्हा त्याने कवळी उचलली.

मामाचा पाय जमिनीवर कचकन दाबला गेला. जमिनीला ब्रेक नव्हता. त्याने ओरडायला तोंड उघडलं आणि भाचीने त्याचा दंड धरला.

"कुणी हलू नका," ती हळूच म्हणाली. "ओरडू नका. धावलात की तो पळणार." दार उघडं होतं, बाहेर रस्ता. हा कुत्रा आता दात घेऊन त्या दारातून गेला की सही गेली, जिने गेले, जिन्यातली शीळ गेली आणि मामा पुन्हा त्या खुर्चीत. "काहीतरी चांगलं हवंय. कुणाकडे खाण्याचं आहे?"

अध्यक्षांनी मेहुणीकडे बघितलं, कुत्र्याच्या तोंडातल्या आपल्या दातांकडे बघितलं, आणि कोटाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक बिस्कीट काढलं. वर साखरेचे दाणे चमकत होते.

"भावजी!" सचिवबाई म्हणाल्या. "साखर बंद आहे ना तुम्हाला?"

"नंतर," अध्यक्ष म्हणाले.

"ताईने घरातले डबे कुलपात ठेवलेत!"

"म्हणूनच तर खिशात."

"पूर्ण नको, काका," कवळीताई कुजबुजली. "वाटाण्याएवढाच. खाली बसा, हात पुढे करा, आणि त्याला सांगा."

अध्यक्ष गुडघ्यांवर बसले. एका हातात तुकडा, दुसरा हात पालथ्याचा उताणा केला. इमारतीत आजवर त्यांनी कुणापुढेही असा हात पसरला नव्हता.

"गाडी," ते घसा खाकरून म्हणाले, "बाजूला घे."

बोचकं बसलं. मग पुढे वाकून त्याने कवळी त्यांच्या तळहातावर ठेवली, अंडं ठेवावं तशी. एक ओरखडा नाही. तुकडा घेताना त्याचे दात त्यांच्या बोटांना लागलेसुद्धा नाहीत.

अध्यक्ष तसेच बसून राहिले. "किती हळू दिलं रे याने," ते म्हणाले. "आमच्या घरात मीठसुद्धा आदळून देतात." आणि ते हसले, चांगले मोठ्याने, कारण उचलली जाईल असं तोंडात काही नव्हतं. हसता हसता उरलेलं बिस्कीट त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकलं.

सचिवबाईंचं पेन वहीवर अधांतरी थांबलं होतं. "काय लिहू, भावजी?"

"दातांचं लिहिलंस तर बिस्किटाचंही लिहावं लागेल. आणि बिस्किटाचं लिहिलंस तर त्यात ताईपासून लपवलेल्या तुझ्या खिशातल्या लिमलेटच्या गोळ्यांचंही येईल."

मामाने अदबीने फळ्याकडे बघितलं. कवळीताईने कवळीचा टोचणारा भाग नखाने तपासला. सचिवबाईंनी लिहिलं, 'चाचणीदरम्यान नोंद घेण्यासारखे काही घडले नाही. परवानगी देण्यात येते.' अध्यक्षांनी सही केली.

वर जाताना मामाच्या हातात एक फॉर्म होता. परवानगी एका वर्षाची, दर वर्षी नव्याने भरायचा. जेवणाच्या टेबलावर तो सुवाच्य अक्षरात भरत गेला. रंग, उंची, खुणा.

"वय काय लिहू?"

"कुत्र्यांचे डॉक्टर म्हणाले चार."

मामाने चार लिहिलं. मग बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. "पुढच्या वर्षी यात पाच लिहायचं?"

"हो."

"त्याच्या पुढच्या वर्षी सहा."

"हो, मामा."

"एक कोरा कागद दे," मामा म्हणाला.

त्याने लिहिलं ते असं:

'प्रति, माननीय अध्यक्ष, इमारत समिती. विषय: कुत्र्याच्या वयात बदल न करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, चौथ्या मजल्यावरील बोचकं नावाच्या कुत्र्याचे वय सध्या चार वर्षे असून ते सर्वांच्या सोयीचे आहे. तरी सदर वय आहे त्याच आकड्यावर कायम ठेवण्यात यावे, व दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी त्यात वाढ करण्यात येऊ नये. अर्जदाराच्या स्वतःच्या वयाबाबत अर्जदाराचा कोणताही आग्रह नाही. ते नियमाप्रमाणे वाढवण्यास हरकत नाही. कळावे, आणि योग्य ती कार्यवाही तातडीने व्हावी, ही विनंती.'