मोजेकाकांचा घसा

मी एक जुना मोजा आहे. हसलात ना? हसा, मित्रांनो. मोज्याची कसली आलीय जीवनकहाणी, असं कुणालाही वाटेल. पण पायात मी फार थोडे दिवस होतो. माझा जोडीदार धुण्यात कुठेतरी गडप झाला, आणि एकट्या मोज्याला विचारतो कोण? बालवाडीच्या बाईंनी मला नवऱ्याच्या कपाटातून उचललं, डोळ्यांच्या जागी दोन काळी बटणं लावली, लाल कापडाची जीभ शिवली आणि आत हात घालून म्हणाल्या, "बोला, मोजेकाका!" तेव्हापासून मी बोलू लागलो. म्हणजे बोलायच्या बाईच, पण मिजास माझी.

काय दिवस होते ते! मूल रडत आलं की मला बाहेर काढायचं. "काय हो, सकाळी सकाळी नळ कुणी उघडा ठेवला?" असं मी विचारलं की रडणारं मूल खुदकन हसायचं. आईबाप म्हणायचे, काकांशिवाय ही बालवाडी चालायची नाही. मी फुशारून जायचो. रंग जाईल म्हणून बाई मला धुवत नसत, त्यामुळे जरा कळकट दिसायचो, एवढंच.

मग मुंगी आली. मुंगी हे तिचं लाडाचं नाव. घरी म्हणे तिची अखंड बडबड चालायची, पण बालवाडीचं दार दिसलं की तोंडाला कुलूप. बाईंशी बोलायची नाही, मुलांशी नाही. बोलायची ती फक्त माझ्याशी, तेही कानात. मला कुठले कान? ती आपली बटणाशी तोंड आणून सांगायची, "काका, शू लागलीय." "काका, पाणी हवंय." मग मी ते मोठ्यानं बाईंना सांगायचो. आपल्यावाचून हिचं अडतं, याचा मला केवढा अभिमान वाटायचा!

एकदा तिचं बोट दारात चेमटलं. मी तेव्हा बंद कपाटात होतो. ती ओरडली नाही, कुणाला काही सांगितलं नाही. बोट मुठीत दाबून कपाटासमोर उभी राहिली. गोष्टीची वेळ झाली आणि बाईंनी मला बाहेर काढलं, तोवर नख निळं पडलं होतं.

त्या दिवशी तिचे बाबा न्यायला आले. ते बस चालवायचे, कामावरून तसेच धावत आले होते. "घरी हिचं तोंड मिटत नाही हो," ते म्हणाले. "आता सुट्टीनंतर मोठ्या शाळेत जायचंय. तिथं एवढी मुलं. हिला काही झालं तर कुणाला कळणार कसं?"

बाईंनी मुंगीच्या दुखऱ्या बोटाला ओला रुमाल गुंडाळला. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "काकांनाच आता गप्प बसावं लागेल."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात जाहीर केलं, "मोजेकाकांचा घसा बसलाय. आता काही हवं असेल तर मलाच सांगायचं." अहो, ज्याला घसाच नाही त्याचा बसणार काय! आधी मी कुजबुजायचो, मग नुसती मान हलवायचो. मग एके दिवशी बाईंनी हात काढून घेतला आणि मला टेबलावर ठेवून दिलं. हाताशिवाय मी कोण? एक चपटा मोजा. मुंगी यायची, बटणाशी तोंड आणायची, "काका, शू." मी गप्प. "मला सांग ना गं बाळा," बाई म्हणायच्या. मुंगी गप्प. अशीच एकदा ती ओल्या कपड्यांनी घरी गेली. बाई भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होत्या, तरीही मला त्यांचा राग राग आला.

सुट्टी जवळ आली तरी तिच्या तोंडून एक शब्द नाही. एका सकाळी ती पाण्याची बाटली घेऊन माझ्यापाशी आली. घसा बसला की काय करतात, हे तिनं घरी आईला विचारलं होतं. हिचाच घसा दुखत असेल असं समजून आईनं बाटलीत कोमट मिठाचं पाणी भरून दिलं होतं. "काका, आ करा. गुळण्या केल्या की बरं वाटतं," ती पुटपुटली, आणि माझं तोंड उघडून तिनं अख्खी बाटली आत ओतली. माझ्या जिभेचा रंग सुटला. तोंडातून लाल पाणी टेबलावर आलं आणि टेबलावरून खाली फरशीवर.

मुंगी पांढरीफटक पडली.

"बाई!" ती किंचाळली. "बाई, काकांच्या तोंडातून रक्त येतंय! या ना लवकर!"

सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघू लागला. बाई धावत आल्या आणि त्यांनी तिला पोटाशी घेतलं. "रक्त नाही गं राणी, रंग आहे तो. बरं केलंस मला सांगितलंस." मुंगी हुंदके देत विचारत राहिली, "काकांना दुखतंय का? बाई, सांगा ना, दुखतंय का?"

त्या कोमट पाण्यानं माझी लोकर आकसली. बाईंचा हात आता माझ्यात शिरत नाही. खिडकीत वाळत पडलोय तो पडलोच आहे. मुंगी कधीच मोठ्या शाळेत गेली. मध्यंतरी तिचे बाबा बाईंना भेटायला आले होते. म्हणाले, "कुणी पडलं, कुणाला लागलं, की हीच पहिली तिथल्या बाईंकडे पळते. स्वतःचं मात्र अजून सांगत नाही. परवा दिवसभर ताप अंगावर काढला."

मित्रांनो, तुमच्याही वर्गात असं एखादं मूल असेल. त्याला मुकं म्हणून चिडवू नका, आणि त्याच्या वतीनं भराभर बोलूनही टाकू नका. ती चूक मी मोठ्या अभिमानानं केली. त्याच्या शेजारी बसा, तुला काय हवंय ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. तुम्हीच विचारा. मला आता विचारता येत नाही.