नाल्याचं रक्त आणि बाबाचा लोटा

नाल्याला रक्त सुटलं, ही बातमी मोहाडीच्या बाजारात पोचली आणि वांग्यांचे ढीग तसेच टाकून लोक गावाकडे धावले. गर्दी अशी, की नाल्याकाठच्या आंब्यावरच्या माकडांनी खाली उतरून माणसांना जागा करून दिली. खोटं वाटत असेल, तर माकडांना विचारा.

मधोमध त्रिकाळबाबा. चेल्यानं नाल्याचं पाणी त्यांच्या तांब्याच्या लोट्यात ओतलं. बाबांनी हळदीचा पिवळा दोरा आत सोडला, "झिंग झिंग फट्" म्हटलं आणि बाहेर काढला तो लालभडक.

"माय वं," म्हणत पुढे उभ्या असलेल्या सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"तालाब की माई रो रही है," बाबा गरजले. "कोई उसका जीव बाटली में भरून बाहेरगाव भेजता है."

सगळ्या माना शाळेच्या शोभाताईंकडे वळल्या. तलावाला मिळणाऱ्या या नाल्याचं पाणी त्या दर बाजाराच्या दिवशी बाटलीत भरत, लिटमसचा कागद बुडवून पाहत आणि एस.टी.नं भंडाऱ्याच्या एका कॉलेजात तपासायला धाडत. असं कित्येक वर्षं. पाणी हळूहळू बदलतं, त्याच्यावर नजरही तेवढीच लांब ठेवावी लागते, असं त्या म्हणत.

"बाई, बाटली आजपासून बंद," देवाजी पाटील म्हणाले. "अन् बदली मागा. नाही त गाव तुमचं सामान मोटारीत ठेवून देईल."

शोभाताईंचं इतक्या वर्षांचं काम एका दोऱ्यानं बुडत होतं. पण हा नाला त्यांना सासूसारखा ठाऊक होता. पावसात चिडायचा, उन्हाळ्यात रुसायचा, पण एका सकाळीत असा कधी पालटला नव्हता.

"जाईन," त्या म्हणाल्या. "आधी दोरा सरळ नाल्यात बुडवू द्या."

बाबांनी वाटलेल्या दोऱ्यांतला एक त्यांनी सत्यभामाबाईंकडून घेतला, वाहत्या पाण्यात धरला. दोरा पिवळाच.

"देवी लोटे में ही बोलती है," बाबा घाईनं म्हणाले.

"मग लोट्यात देवाजींच्या विहिरीचं पाणी घाला."

पाणी आलं, लोट्यात पडलं. दोरा लाल.

"माह्या विहिरीले काय झालं?" देवाजी घाबरले.

"तुमी बी बाटल्या धाडून राहिले का जी?" तंबाखू मळता मळता गर्दीतल्या डोमानं विचारलं.

आता देवाजींनी लोटा बाबांच्या हातून ओढूनच घेतला. मारुतीच्या देवळातलं तीर्थ घातलं, दोरा लाल. बाबांच्या कमंडलूतलं पाणी घातलं, आणखी लाल. गर्दीत आधी एक जण फिसकन हसला, मग दहा, मग अख्खा काठ. म्हणतात, तलावातल्या मासोळ्याही वर येऊन पाहून गेल्या.

शोभाताईंनी लिटमसचा तांबडा कागद नाल्यात बुडवला. तांबडाच राहिला. दुसरा लोट्यात बुडवला, तो निळा झाला.

"खोट नाल्यात नाही, लोट्यात आहे. उपडा करा."

देवाजींनी लोटा उपडा केला. तळाला पांढरा लेप. डोमानं त्यात बोट घातलं, तळहातावरच्या तंबाखूला लावलं, नीट मळलं, चिमूट गालात ठेवली आणि डोळे मिटले.

"चुना आहे," तो म्हणाला. "मस्त कडक."

सत्यभामाबाईंनी कपाळाला हात लावला. "हळदीले चुना लावून त आपण घरी कुंकू करतो. रोज कपाळी लावतो, अन् आज त्यालेच भ्यालो?"

तिकडे बाबा चेल्यासकट धानाच्या बांधावरून असे सुटले, की त्यांचं भस्म मागे राहिलं अन् बाबा पुढे गेले. लोटा डोमाकडे राहिला. त्याला पुढे वर्षभर चुना विकत घ्यावा लागला नाही.

त्या दिवशी शोभाताईंची बाटली देवाजींनी स्वतः छातीशी धरून एस.टी.पर्यंत नेली आणि कंडक्टरला बजावलं, "सांभाळून न्या जी. आमच्या नाल्याची तब्येत आहे."

तेव्हा मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायची घाई करू नका. हात मोकळे ठेवा आणि आधी भांडं उपडं करून पाहा.