मधेच खाली येणारी काच

बहिणीच्या पत्राला काचवाल्याने उत्तर दिलं नव्हतं. पत्र तरी केवढं, चार ओळींचं, डाव्या हाताने लिहिल्यासारख्या वेड्यावाकड्या अक्षरात. दादा, आता सोसवत नाही, तुझ्याकडे येऊ का? फोन त्यांच्या ताब्यात असतो, तेव्हा उत्तर शेजारच्या काकूंच्या पत्त्यावर टाक. तू हो म्हटलंस तरच निघेन.

हो म्हणायला असं काय लागतं? पण बहीण दिली त्या घराशी भावाचा हात दगडाखालीच असतो, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि मूग गिळून बसला. खरं कारण साधं होतं. तो मेहुण्याला भीत होता.

गाड्यांच्या अडलेल्या काचा सोडवणं हा त्याचा धंदा. शेजारचा पंक्चरवाला म्हणायचा, मुकी काचसुद्धा याच्या हातात बोलायला लागते, तोंड उघडत नाही ते फक्त याचं.

आणि एके दिवशी सकाळी मेहुणाच गाडी घेऊन दारात उभा राहिला. परगावी कामाला निघाला होता, वाटेत काच अडली.

“काय मेहुणे, जिवंत आहात ना? मला वाटलं, लाजून लाजून मेलात.”

काचवाला कसनुसं हसला आणि त्याने बहिणीची खुशाली विचारली. आहे, खातेय, असं उत्तर आलं.

तक्रार शेजारच्या सीटच्या काचेची होती. ती रखडत वर चढे आणि मधेच आपोआप खाली येई. काचवाल्याने कडेच्या रबरावरून बोट फिरवलं, ते काळं तेलकट झालं. मेहुण्याने घरीच इंजिनाचं तेल ओतलं होतं. तेलाने रबर फुगतं आणि काचेचा गळा धरतं. मग मध्ये कुणाचा हात सापडला असं समजून काच माघार घेते, कारण तशी सोयच असते तिच्यात. हे सगळं त्याने हळू आवाजात सांगितलं.

“ती सोय काढून टाक. काच वर म्हटलं की वर गेली पाहिजे. घरात एक उलट उत्तर देणारी आहे तेवढी पुरे.”

असं करू नये, हे काचवाल्याला पक्कं ठाऊक होतं. आजवर त्याने कुणाच्याही गाडीत ते केलं नव्हतं. पण “नाही दाजी” हे दोन शब्द काही घशातून वर येईनात. त्याने दार खोललं, ती सोय बंद केली, नवं रबर बसवलं. मग चालकाच्या जागेवर बसून बटण ओढून पाहिलं. काच सुरीसारखी वर गेली, त्याने ती पुन्हा अर्ध्यावर आणली.

जुनं रबर फेकण्याआधी ते वळवून पाहायची त्याची सवय होती. घडीत काहीतरी टोचलं. त्याला वाटलं, खडा असेल. ते नख होतं. मुळासकट उपटलेलं, खाली वाळलेलं रक्त, वर अर्धवट उडालेला गुलाबी रंग.

ते वेडंवाकडं अक्षर आता त्याला कळलं. तिचा उजवा हात चालत नव्हता.

तळहातावर नख घेऊन त्याने विचारलं, “दाजी, हे कुणाचं?”

मेहुणा जराही चपापला नाही. “उतरते म्हणून हट्ट करत होती. काच धरून बसली. म्हटलं, सोड. नाही सोडली.” त्याने बाहेरूनच काचेच्या कडेवर चार बोटं ठेवून दाखवली. “ही अशी. तुझी ही भित्री काच खाली आली म्हणून वाचली.”

काचवाला अजून चालकाच्या जागेवरच बसला होता. त्याच्या दारावर चारही काचांची बटणं होती. त्याने त्या काचेचं बटण वर ओढलं आणि ओढूनच धरलं.

बोटं काच आणि चौकट यांच्यामध्ये चेचली गेली. हाड मोडल्याचा आवाज त्याला आत बसून ऐकू आला. मेहुणा आधी शिव्या देत होता, मग गयावया करू लागला, मग नुसता ओरडू लागला. मोकळ्या हाताला टपावर ठेवलेला पाना लागला, त्याने तो काचेवर घातला. काचेचा चुरा झाला. सुटलेला मेहुणा गाडीला वळसा घालून धावून आला, त्याने काचवाल्याला केसाला धरून बाहेर ओढलं आणि पाना तोंडावर हाणला. दोन दात पडले. काचवाला खाली कोसळला, हाताला जॅकची दांडी लागली. ती त्याने मेहुण्याच्या गुडघ्यावर मारली. माणूस आडवा झाला, तरी पुन्हा त्याच गुडघ्यावर मारली. तिसऱ्यांदा उगारली तेव्हा पंक्चरवाल्याने त्याला मागून घट्ट धरलं.

“पुरे. मरेल तो.”

मेहुण्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पाय जुळायला महिने जातील. काचवाल्याला न्यायला पोलीस आला. त्याने एक कागद लिहू देण्याची विनंती केली. तोंडातून रक्त गळत होतं, त्यामुळे विनंती दोनदा करावी लागली. सगळा जन्म न बोलण्यात गेला आणि आता बोलायचं तर दात नाहीत, असं पंक्चरवाला पुटपुटला आणि डोळे पुसत त्याने कागद आणि टपालाचं पाकीट आणून दिलं.

“ये. लगेच नीघ. तो दवाखान्यात आहे, अडवायला येणार नाही. मी घरी नसेन, किल्ली पंक्चरवाल्याकडे आहे. उशीर झाला. दादा.”

पत्ता शेजारच्या काकूंचा घातला. चौकीच्या वाटेवर टपालपेटी होती. पोलीस थांबला. काचवाल्याने पाकीट आत टाकलं, ते खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत कान देऊन उभा राहिला आणि मग पुढे चालू लागला.