नऊ किलो चारशे ग्रॅम

टूथब्रशची मूठ मी करवतीनं कापायला घेतली, तेव्हा आईनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, काय चाललंय तुझं? चांगला नवा ब्रश हाय की!"

"सात ग्रॅम वाचले, आई."

"सात ग्रॅमासाठी डोंगर वाकणाराय व्हय तुझ्यापुढं?"

डोंगर वाकत नाही, गुडघा वाकतो, हे तिला कोण सांगणार? मंगळवारी मी हिमाचलात पिन-पार्वतीची खिंड ओलांडायला निघणार होते. अकरा दिवसांची चाल, आपला तंबू आपल्या पाठीवर. गेल्या वर्षी अशाच एका ट्रेकला साडेचौदा किलोची सॅक घेऊन गेले, तिसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला आणि खेचरावर बसून परत आले. बारामतीला ज्या बँकेत मी नोकरी करते, तिथं अजून माझं नाव 'खेचरवाल्या अंजली मॅडम' असं आहे. तोंडावर म्हणत नाहीत एवढंच. यंदा सॅक साडेनऊ किलोच्या आत बसली तरच जायचं, असं मी ठरवलं होतं. बारामतीच्या फ्लॅटमध्ये तंबू ठोकायला जागा नाही, म्हणून शनिवारी सकाळीच स्कूटरवर सगळं बोचकं बांधून लासुर्ण्याला आईआबांकडे आले.

अंगणात दोन तंबू उभे केले. एक सव्वादोन किलोचा, आपल्या पायावर उभा राहणारा. दुसरा नऊशे ऐंशी ग्रॅमचा. त्याला खांबच नाहीत. चालायच्या दोन काठ्या आत उभ्या करायच्या आणि चारी बाजूंनी दोऱ्या ताणायच्या. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच्याभोवती तीन चकरा मारल्या.

"ऊसतोडवाल्यांच्या कोप्याबी ह्यापरीस दमदार असत्यात," ते म्हणाले. "ह्याला घर म्हणायचं का धोतर?"

पण मग खाली बसून त्यांनी एकेक खुंटी उपटली, तिरकी करून पुन्हा ठोकली, दोर ताणून गाठी बदलल्या. मी बादलीभर पाणी ओतलं, कापड धरून गदागदा हलवलं. तंबू जागचा हलला नाही. "हाच घे," आबा म्हणाले आणि उठताना माझ्या खांद्याला धरलं. खुंट्या ठोकून दमले असतील, असं मला वाटलं.

तंबू ठरला. मग स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मी एकेक वस्तू मोजून वहीत लिहिली. झोपायची पिशवी, गॅसची शेगडी, चौदा ग्रॅमचा चमचा. कपड्यांच्या आतली लेबलंसुद्धा कापून टाकली. दोन जोडांवर अकरा दिवस काढणार हे ऐकून आईनं तोंडाला पदर लावला आणि दळण आणायला निघून गेली. बेरीज आली नऊ किलो चारशे. मी आनंदानं ओरडलेच.

"कागदावरचं वजन ते," आबा म्हणाले. "काट्यावर दाव."

आबांनी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्की केली. त्यांच्यापुढं कुणी अंदाजानं बोललं की त्यांना सहनच होत नाही. घरी डाळिंबाचे क्रेट मोजायला शंभर किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. तो त्यांनी दारापुढच्या ओट्यावर मांडला. सॅक त्यावर ठेवली तर कलंडायची आणि पट्टे जमिनीला टेकायचे.

"अशानं खरं वजन येत न्हाय. आमी कारखान्यात काय करायचो? आधी भरल्या गाडीचं वजन, मग रिकामीचं. मधला फरक म्हंजे ऊस. आन ती सॅक हिकडं."

मी सॅक त्यांच्या पाठीवर चढवली. आबा काट्यावर उभे राहिले. एकसष्ट किलो तीनशे. सॅक उतरवून पुन्हा चढले. एक्कावन्न नऊशे.

"नऊ चारशे!" आबांनी टाळी वाजवली. "तुझ्या वहीबरहुकूम! पोरगी कुणाची हाय?"

मी मात्र त्या आकड्याकडेच बघत होते. एक्कावन्न नऊशे. फेब्रुवारीत त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मीच घेऊन गेले होते. नर्सनं वजन केलं तेव्हा चौसष्ट भरलं होतं, फॉर्मवर मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. आता ऑगस्ट. सहा महिन्यांत बारा किलो! हौसेच्या भरात आबा विसरले होते की आज रिकामी गाडी ते स्वतःच आहेत.

"आबा, तुमचं वजन बघा की."

त्यांनी खाली पाहिलं आणि पटकन काट्यावरून उतरले.

"काट्यात खोट हाय."

"आबा!"

"अगं, पावसाळी हवेनं असं व्हतं. थांब, तुला दावतोच." त्यांनी पडवीतल्या युरियाच्या गोणीकडे बोट केलं. "ही पन्नासची गोणी. आजून शिवणबी उसवली न्हाय. हिच्यावर तपासू."

दोघांनी मिळून गोणी ओढत आणली. आबांना एवढी धाप लागली की ते पायरीवर बसले. काट्यावर आकडा आला पंचेचाळीस किलो शंभर.

"बघ! पाच किलो मागं हाय काटा," आबा म्हणाले. "म्हंजे मी झालो सत्तावन्न. त्या दिवशी अंगात स्वेटर व्हता, पायात बूट, खिशात मोबाईल. आन आता शेतात राबतोय, दोनचार किलो उतरायचंच."

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, मला तेच ऐकायचं होतं. दोन वर्षं या खिंडीची वाट बघत होते, पंधरा दिवसांची रजा मिळवायला साहेबांच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या. मी हसले, आबांना चहा करून दिला आणि सॅकचे पट्टे आवळत बसले.

तासाभरानं आई दळण घेऊन आली आणि ओट्यावर अडखळली.

"ही गोणी मधीच कुणी आणली?"

"काटा तपासला, आई. बिघडलाय. पन्नासची गोणी पंचेचाळीस दाखवतोय."

"पन्नासची?" आई माझ्याकडे बघतच राहिली. "पन्नासची युरियाची गोणी आता कुठं मिळती? किती वर्सं झाली, पंचेचाळीसचीच येतीया. बारक्या पोराला ठावं हाय."

मी गोणी फिरवली. निव्वळ वजन ४५ किलो. हे एवढं ठळक छापलेलं. बँकेत बसणारी मी, मला माहीत नव्हतं. आबांना माहीत होतं, कारण दर हंगामाला ते स्वतः आणतात. आणि काटा दर पन्नासाला पाच किलो कमी दाखवत असता तर वहीतलं नऊ चारशे आणि त्याच्यावरचं नऊ चारशे जुळलं कसं असतं? एवढी साधी गोष्ट, आणि मी ग्रॅम मोजणारी बाई चहा करत बसले होते! मला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि आबांचा राग आला, दोन्ही एकदमच.

"आबा, मला फसवलंत तुमी?"

आबा पायरीवरून उठले नाहीत. "मंगळवारचं तिकीट हाय तुझं," एवढंच म्हणाले.

"दवाखान्यात गेला होतात का?"

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. गावातल्या डॉक्टरची चिठ्ठी. बारामतीला जाऊन ताबडतोब पोटाची तपासणी करून घ्या, असं लिहिलेलं. 'ताबडतोब'खाली दोन रेघा. तारीख जूनची.

"दोन महिने!" मी किंचाळलेच. "दोन महिने खिशात घेऊन फिरताय?"

"त्याच दिवशी तुझा फोन आलता, रजा मंजूर झाली म्हणून. केवढी खूश व्हतीस. म्हणलं, पोरगी डोंगर करून येऊ दे, मग सांगू."

आईनं हातातला पिठाचा डबा तिथंच खाली ठेवला. "रोज अर्धी भाकर ताटात ठेवीत व्हता," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या हाताची चव गेली." आणि ती रडायला लागली. आबा तिच्याकडे बघेनात.

दुपारचे दोन वाजले होते. बारामतीच्या दवाखान्यात फोन केला, चारपर्यंत या म्हणाले. मी सॅक उचलून आतल्या खोलीत टाकली. तिकिटाचं काय करायचं, रजेचं काय, काही डोक्यात नव्हतं. आबा म्हणत होते, "सोमवारी जाऊ की, आज कशाला," आणि मी त्यांचं काहीएक ऐकत नव्हते. त्यांच्या डोक्यावर टोपी घातली, चिठ्ठी माझ्या पर्समध्ये ठेवली आणि स्कूटर चालू केली.

"बसा, आबा."

मी थोडा वेळ थांबले. गाडी जराही दबली नाही.

"बसा की!"

"बसलोय की गं," माझ्या कानाशी आबांचा आवाज आला.