दवाखान्यातलं अस्वल

धाकटीने आपल्या सख्ख्या भावाचं अस्वल केलं आणि तिला वाटलं, झालं, आता कोणाच्या बापाला कळायचं नाही.

लहान मुलांसाठी चित्रांची पुस्तकं काढणं हा तिचा धंदा. वाईट दिवसांतही एकमेकांना धरून राहणारं कुटुंब दाखवा, अशी प्रकाशकाची मागणी होती. हल्ली त्याचीच चलती आहे. बापाचं काम जातं, घर जातं, आणि शेवटच्या पानावर सगळे दात काढून उभे. असं कुटुंब शोधायला धाकटीला लांब जावं लागलं नाही. दादाचा काचकारखाना बंद पडला होता. दादा, वहिनी आणि सात वर्षांची चिमी एका खोलीत येऊन पडले होते. जुन्या घराची दुरुस्ती चाललीये, असं चिमीला सांगितलं होतं. धाकटी सुट्टीच्या दिवशी जायची, मांडीवर कागद घेऊन बसायची. "बसल्याबसल्या रेघोट्या मारते गं वहिनी," म्हणायची. वहिनी बिचारी तिला उजेडातली खुर्ची द्यायची.

एकदा जिन्यात दादा बोलून गेला. रोज सकाळी तो डबा घेऊन कामावर निघाल्यासारखा निघायचा. चार ठिकाणी विचारायचा, वय ऐकलं की लोक मान हलवायचे, मग उरलेला दिवस सरकारी दवाखान्याच्या बाकावर.

"तिथे कोणी विचारत नाही, का बसलाय म्हणून. सगळेच बसलेले असतात." मग त्याने आवाज उतरवला. "चिमीला कळू देऊ नकोस हां. तिला वाटतं, बाबा अजून काच फुंकतोय."

धाकटी रडली. खरंच रडली. घरी गेली, नाक पुसलं आणि अस्वलाला दवाखान्याच्या बाकावर बसवलं.

डबासुद्धा काढला. दादाच्या डब्याची कडी तुटली होती, म्हणून तो चिमीच्या जुन्या हिरव्या फितीने बांधलेला असायचा. संपादकबाई म्हणाल्या, "ही फीत कशी सुचली हो तुम्हाला!" धाकटी मान खाली घालून म्हणाली, "निरीक्षण."

पुस्तक आलं. वाचनालयात मुलांना वाचून दाखवायचं ठरलं. आता अक्कल बघा बाईची: चिमीला तिने स्वतः बोलावलं, स्वतः पहिल्या रांगेत बसवलं. समोर एक हक्काचं हसणारं तोंड हवं होतं ना!

डब्याचं पान आलं, तशी चिमी गुडघ्यांवर उठली. "आत्या, ही माझी फीत आहे."

"नाही गं, ही अस्वलाच्या पिल्लाची."

"माझीच. टोकाला जळलीये बघ."

जळलेलं टोकही काढलं होतं. हात कसला साफ बाईचा!

पुढचं पान दवाखान्याचं. ते गाळता आलं असतं. दोन पानं एकदम उलटली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. पण मागे आया उभ्या होत्या, प्रकाशकाचा माणूस मोबाइल धरून होता, आणि ते पान पुस्तकातलं सगळ्यात सुंदर पान होतं. तिने उलटलं. वाचलंही, आवाज कापरा करून. "अस्वलबाबाचं काम गेलं होतं. पण पिल्लाला ते कळू द्यायचं नव्हतं."

चिमीने चित्राकडे बघितलं. मग आत्याकडे.

"बाबा दवाखान्यात बसतो?"

"अगं बाई, हिला गोष्ट खरीच वाटली!" ग्रंथपालबाई म्हणाल्या. सगळ्या आया हसल्या.

धाकटीही हसली. काय करणार, असं म्हणून ते हसू सोडून देता येणार नाही. ती हसली, आणि सात वर्षांच्या पोरीने ते बघितलं. मग पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, टाळ्याही घेतल्या.

संध्याकाळी दादा चिमीला न्यायला फाटकाशी आला. हातात डबा. पुस्तकाबद्दल त्याला एवढंच माहीत होतं की बहिणीचं नाव झालं. कौतुकाने त्याने धाकटीच्या पाठीवर थाप मारली. ती थाप तिला लागली.

चिमीने त्याचं बोट धरलं. "बाबा, दवाखान्यात पंखा आहे का रे?"

दादाने धाकटीकडे बघितलं. मग म्हणाला, "आहे. गरगरत नाही फारसा, पण आहे."

"मग ठीक आहे," चिमी म्हणाली आणि त्याच्या हातातला डबा घेऊन पुढे झाली.

दादाने हात पुढे केला. धाकटीने पुस्तक दिलं. त्याने उभ्याउभ्याच पानं चाळली, बाकाच्या पानाशी थांबला.

"नाक बरं काढलंयस."

"दादा, मला वाटलं, अस्वल केलं की..."

"शेवटी काय होतं याचं?"

"काम मिळतं."

"कुठे?"

टोमणा नव्हता त्यात. तसा असता तर धाकटीने झेलला असता. तो खरंच विचारत होता. माणूस पत्ता विचारतो तसा.

तिने शेवटचं पान उघडलं. अस्वल हसत होतं, अस्वलीण हसत होती, वर भला मोठा सूर्य. कसलं काम, कोणी दिलं, कुठे, यातलं काहीच तिने काढलं नव्हतं. तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.