तेवीस सह्यांचं पत्र

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता टॉलिव्हरांच्या जेवणाच्या टेबलावर एक लॅपटॉप होता, एकाच पत्राच्या तीन छापील प्रती होत्या, दोन पेन्सिली, एक चष्मा, थंड झालेली कॉफी आणि तेवीस नावांची एक यादी. पत्र चारशे बारा शब्दांचं होतं. नावांपैकी अकरा भूदलाची, सहा नौदलाची, चार हवाई दलाची, दोन मरीन्सची. सगळे निवृत्त. एकेकाळी या सगळ्यांच्या खांद्यांवर मिळून अठ्ठावन्न तारे होते.

यादी मेजर जनरल रॉस्को टॉलिव्हरने केली होती आणि पत्रही त्यानेच लिहिलं होतं. निवृत्त होऊन त्याला एकोणीस वर्षं झाली होती. या काळात चार राष्ट्राध्यक्ष होऊन गेले, पण त्यांच्यापैकी कोणाबद्दलही तो बाहेर एक शब्द बोलला नव्हता. शेजाऱ्यापाशी नाही, चर्चमध्ये नाही. गणवेश उतरवला तरी तोंड बंदच ठेवायचं, हा त्यांच्यातला रिवाज. पण पोलिसांच्या हातून एक काळा तरुण मेला, गावोगावी लोक रस्त्यावर उतरले, आणि बाराव्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी टीव्हीवरून सांगितलं की हे थांबलं नाही तर शहरांत फौज उतरवीन. रॉस्कोने टीव्ही बंद केला आणि कागद पुढे ओढला.

दुसरं कारण म्हणजे एक फोन. सोमवारी ब्रिगेडियर जनरल बॅस्कमने फोन केला. वीस वर्षांपूर्वी वॉर कॉलेजात तो रॉस्कोचा विद्यार्थी होता आणि आता राजधानीतल्या राखीव तुकड्या त्याच्या हाताखाली होत्या.

"सर, गुरुवारी संध्याकाळी सहाला चौक रिकामा करायचाय. हुकूम तोंडी आहे."

"लेखी माग."

"एकट्याने मागितला तर उद्या माझ्या खुर्चीत दुसरा बसेल, आणि तो मागणार नाही. तुमच्यासारख्यांनी उघडपणे काही लिहिलं तर मला म्हणता येईल, बघा, एवढे जुने लोक बोलतायत, मला कागद द्या. कागद देईपर्यंत ती संध्याकाळ निघून जाईल. हे आपल्या दोघांतच राहू दे, सर."

"कधीपर्यंत हवंय?"

"गुरुवारी सहाच्या आत. सहा वाजून एक मिनिटाने आलं तर त्याचा मला उपयोग नाही."

राजधानीतल्या त्या चौकात निदर्शनांसाठी रोज जमणाऱ्यांत रॉस्कोची नात जुनिया होती. एकवीस वर्षांची. तिची आई जर्मनीतल्या तळावर नर्स, त्यामुळे ती आजी-आजोबांकडेच वाढली. चौकात ती पाणी वाटायची.

तर पत्र निघालं. पण सैन्यात कागद नुसता निघत नाही, फिरतो. ज्याचा ज्याचा संबंध, त्याच्याकडे तो जातो आणि प्रत्येक जण खाली तीनपैकी एक उत्तर लिहितो: सहमत, सुधारणेसह सहमत, असहमत. एकही असहमत असेल तर कागद पुढे सरकत नाही. रॉस्को ही पद्धत इतरांपेक्षा कडक पाळायचा. मेजर असताना त्याने दारूगोळ्याच्या कोठाराबद्दलचा एक कागद एका कॅप्टनच्या उत्तराची वाट न पाहता वर पाठवला होता. त्या कॅप्टनला जे ठाऊक होतं ते बाकी कोणाला ठाऊक नव्हतं. दोन माणसं गेली. तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या डोक्यावर तो स्वतःच्या हाताने दोन वाक्यं लिहायचा. याही पत्रावर लिहिली: एक शब्द बदलला तरी कागद पुन्हा सर्वांकडे जाईल. उत्तर आल्याशिवाय सही धरली जाणार नाही.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत एकोणीस सहमत आले, सुधारणेसह सहमत तीन आणि असहमत एक. त्याशिवाय चार तास एका भलत्याच प्रश्नात गेले. सह्या ज्येष्ठतेप्रमाणे लावायच्या होत्या आणि हवाई दलातल्या दोघांना बढती एकाच दिवशी मिळाली होती. शेवटी जन्मतारखा मागवल्या.

"कोण निघाला मोठा?" ऑपलने विचारलं. ती स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा मोडत होती.

"प्रुइट. सात आठवड्यांनी."

"सुटलो बाई. देश वाचला."

रॉस्को हसला नाही. ऑपलने शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं आणि हात पुसत टेबलाशी आली.

"रॉस्को, तुझ्या एकट्याच्या सहीने पाठव ना."

"एकाची सही म्हणजे तक्रार, ऑपल. तेवीस सह्या म्हणजे इशारा. आणि माझ्या एकट्याच्या सहीला काय म्हणतील ठाऊक आहे? म्हातारा काळा माणूस, आपल्या लोकांची बाजू घेतोय."

"मग? घेत नाहीयेस?"

त्याने पेन्सिल उचलली आणि यादीतल्या पुढच्या नावाशी खूण केली.

असहमत होता व्हाइस अ‍ॅडमिरल गॉर्डन स्टेनर्सन. रॉस्कोचा चाळीस वर्षांचा मित्र. बुधवारी सकाळी त्याने स्वतःच फोन केला.

"रॉस, यात राष्ट्राध्यक्ष हा शब्द सात वेळा आलाय. मी मोजला."

"पत्र त्यांच्याबद्दलच आहे, गॉर्डी."

"माणसाबद्दल बोल, पदाबद्दल नको. मी त्या पदाला तेहेतीस वर्षं सलाम ठोकलाय. एकदा ठेव, सहा काढ. आणि हे 'आम्ही निषेध करतो' काय आहे? आपण काय कॉलेजची पोरं आहोत? 'आम्हाला तीव्र चिंता वाटते' लिही."

"चिंता मला माझ्या गुडघ्याची वाटते."

"रॉस."

"बरं. लिहितो."

सहा ठिकाणचा शब्द काढल्यावर वाक्यं लंगडी झाली, ती नीट करताना आणखी काही गेलं. बाकीच्या तिघांच्या सुधारणाही घ्याव्या लागल्या. दुपारी पत्र तीनशे एक्केचाळीस शब्दांचं झालं आणि नियमाप्रमाणे पुन्हा तेवीस जणांकडे गेलं. दोघांना आता ते मिळमिळीत वाटलं. त्यांच्यासाठी एक वाक्य परत घेतलं, स्टेनर्सनसाठी दोन काढली. गुरुवारी सकाळी आठला तिसरी फेरी सुरू झाली तेव्हा शब्द दोनशे शहाण्णव होते. 'फौज' हा शब्द पत्रात एकदाच उरला होता, तोही शेवटून दुसऱ्या ओळीत.

बारा वाजेपर्यंत बावीस सहमत आले. स्टेनर्सनचा पत्ता नव्हता.

रॉस्कोने त्याला फोन केला. अर्ध्या तासाने पुन्हा केला. मग त्याच्या घरी केला, तेव्हा त्याची सून म्हणाली, "बाबा होडी घेऊन गेलेत खाडीत. फोन घरीच विसरलेत. म्हणजे विसरलेत म्हणतात, दर वेळी विसरतात. संध्याकाळी येतील."

सव्वातीनला वर्तमानपत्राच्या संपादक केसलिंगबाईंचा फोन आला. त्यांनी दोन दिवस जागा राखून ठेवली होती.

"जनरल, मी बावीस नावांनी लगेच टाकते. तेविसावं उद्या जोडू."

"तेविसाव्याचं उत्तर आलेलं नाही."

"म्हणूनच म्हणतेय, त्याचं नाव काढा."

"नाव काढलं तर पत्र बदललं. बदललं तर बावीस जणांना पुन्हा विचारायला हवं. त्यांनी तेवीस जणांच्या पत्राला होकार दिलाय."

"साहेब," बाई म्हणाल्या, "हे तुम्ही खरंच म्हणताय?"

"मी यांना शब्द दिलाय. लेखी."

ऑपल दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती जवळ आली आणि तिने फोनवर हात ठेवला. "रॉस्को, हो म्हण."

"ते कोठार आठवतंय ना तुला?"

"आठवतंय. तेव्हा तू घाई केलीस म्हणून माणसं गेली. आता काय करतोयस?"

त्याने तिचा हात बाजूला केला आणि केसलिंगबाईंना पाच वाजेपर्यंत थांबायला सांगितलं. साडेचारला त्याने जुनियाला फोन लावला. मागे घोषणा चालू होत्या, त्यामुळे ती ओरडून बोलत होती.

"आजोबा, बोला!"

"पाचच्या आत तिथून निघ."

"का? काही कळलंय का तुम्हाला?"

बॅस्कमने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या ओठांवर आलं. "मी सांगतोय म्हणून," तो म्हणाला.

"असं कोणी निघतं का? चारशे लोक आहेत इथे. मी निघाले तर त्यांना पाणी कोण देणार? तुमचं पत्र आलं का? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझे आजोबा जनरल आहेत, त्यांचं पत्र येतंय."

"येतंय."

"मग झालं तर! आजीला सांगा, रविवारी गोडाला पीच कॉबलर करून ठेव."

पाच वाजले. त्याने केसलिंगबाईंकडून आणखी एक तास मागून घेतला. सहा वाजले. खिडकीबाहेर शेजारचा माणूस गवत कापत होता, आणि त्या मशीनच्या आवाजात फोन ऐकू येणार नाही म्हणून रॉस्को तो हातात धरूनच बसला.

स्टेनर्सनचा फोन सात वाजून वीस मिनिटांनी आला. वाऱ्याने आणि उन्हाने खूश झालेला आवाज.

"अरे, एवढे अकरा फोन? कोणी मेलं का? तुझं ते पत्र ना? सहमत, सहमत. मी तर कालच मनातून सहमत होतो."

"नवीन मसुदा वाचलास?"

"तू लिहिलंयस म्हटल्यावर वाचायचं काय त्यात?"

पत्र आठ वाजून पाच मिनिटांनी प्रसिद्ध झालं. तोपर्यंत बॅस्कमचा निरोप आलेला होता. मी पाच पन्नासपर्यंत वाट पाहत होतो, सर, एवढंच. आणि त्यानंतर आणखी एक: चौक रिकामा केला ती माझी माणसं नव्हती, दुसरी होती, छातीवर नाव नाही, दलाचं चिन्ह नाही, कुठून आली मला कोणी सांगितलं नाही.

चौकात जुनियाच्या चेहऱ्यावर मार बसला होता, आणि तिला दवाखान्यात कोणी अनोळखी मुलीने नेलं होतं. त्या वर्षी साथ चालू होती, म्हणून नातेवाइकांना आत सोडत नव्हते. दोघं म्हातारे रात्रभर गाडी चालवून पहाटे तिथे पोचले आणि पार्किंगमध्ये बसून राहिले. एकदा रॉस्को उतरला. दारावरच्या रखवालदाराने त्याच्या टोपीवरचा पदकांचा पट्टा पाहून सलाम केला, आत मात्र सोडलं नाही. नियम म्हणजे नियम, साहेब, असं तो अगदी अदबीने म्हणाला. रॉस्को गाडीत परत आला. ऑपलने काचेबाहेर पाहत विचारलं, "काय म्हणाला?" त्याने सांगितलं.

दुपारी जुनियाचा फोन आला. गुंगीमुळे तिची जीभ जड झाली होती.

"आजोबा, पत्र आलं म्हणे. एका नर्सने वाचून दाखवलं." मग ती म्हणाली, "त्यात तुमचं काय होतं ते मला कळलं नाही. ऐकताना वाटलं, कोणीही लिहिलं असेल."

रॉस्कोने फोन ऑपलच्या हातात दिला.

पत्रावर पुढच्या नऊ दिवसांत टीव्हीवर बरीच चर्चा झाली. राष्ट्राध्यक्षांनी तेवीस जणांना खेळातून बाद झालेले म्हातारे म्हटलं. स्टेनर्सनला ते फार लागलं आणि त्याने दुसरं पत्र काढायचं ठरवलं. मसुदा पाठव, सगळ्यांना फिरवू, असं तो रॉस्कोला म्हणाला. रॉस्कोने फोन कानापासून काढून टेबलावर ठेवला, पण बंद केला नाही. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला.

दहाव्या दिवशी जुनियाच्या डोळ्यावरची पट्टी काढली. त्या दिवशी एका नातेवाइकाला आत सोडलं. ऑपल गाडीतच थांबली. डॉक्टरबाईंनी जुनियाला भिंतीवरच्या तक्त्यापासून वीस फुटांवर बसवलं, आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. नंतर त्या तक्ता सोडून स्वतःच जवळ येत गेल्या, एकेक पाऊल, हाताची बोटं समोर धरून. रॉस्को कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. परिचारिकेने लिहून घेतलं: उजवा डोळा, विसावर वीस, नजर पूर्ण. डावा डोळा, बोटं मोजता येतात, अंतर अडीच फूट.