तिसऱ्यांदा परत आलेलं पाकीट

पाकीट तिसऱ्यांदा परत आलं, तेव्हा वहिनी कॉफी भाजायच्या यंत्राला कान लावून उभी होती. आत दाणे तडतडायला लागले की पुढचं मिनिटभर तिला हाक मारायची नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. वन्संनाही माहीत होतं. पण वन्सं त्या वन्संच.

"वहिनी, आलं गं तुझं लेकरू माहेरपणाला," असं म्हणत त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं.

वहिनीने वेळेवर झडप उघडली, दाणे खाली जाळीवर ओतले, फिरवून गार केले आणि मग रिकाम्या पोत्यावर बसकण मारली. सकाळपासूनचा हा नववा घाणा होता. पिंढऱ्यांचे नुसते गोळे झाले होते. नवरा नेहमीप्रमाणे डोंगरात मळ्यामळ्यांतून हिंडून कच्चा माल निवडत होता. इथे भाजायला ती आणि पाकिटं भरायला नणंद, एवढाच त्यांचा कारखाना. ऑर्डर आल्याशिवाय दाणा विस्तवावर चढायचा नाही आणि एका मळ्याच्या दाण्यात दुसऱ्याची मिसळ व्हायची नाही. मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख वन्सं पाकिटावर हाताने लिहायच्या.

पाकिटाला टाचणीने चिठ्ठी लावली होती. अक्षर सुबक. 'कॉफी कडू आहे. कृपया लक्ष घालावे.' पाठवणारे एक म्हातारे शिंपी होते. दुकान बंद करूनही त्यांना बरीच वर्षं झाली होती.

पहिल्यांदा पाकीट परत आलं तेव्हा वहिनीने दाणे थोडे हलके भाजून पाठवले. दुसऱ्यांदा आणखी हलके.

"याहून फिकं भाजशील तर शेंगदाणे म्हणून विकावे लागतील," वन्सं म्हणाल्या.

"माझा दाणा करपत नाही, वन्सं. त्यांच्या हातात काहीतरी चुकतंय. मी जाऊनच बघते."

"एका पाकिटासाठी? पाय बघ की तुझे!"

पण वहिनीच्या डोक्यात ते कडू जाऊन बसलं होतं. इतक्या वर्षांत तिच्या भाजणीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिने पाकीट पिशवीत टाकलं आणि भर दुपारी निघाली.

शिंपीकाका तिसऱ्या मजल्यावर राहत होते. लिफ्ट नव्हती. दार उघडलं तेव्हा त्यांच्या खांद्यावर टॉवेल होता, दाढी वाढलेली होती आणि डोळे असे खोल गेलेले, की वहिनीने घरून घोकून आणलेलं पहिलं वाक्य गिळूनच टाकलं.

"कॉफीच्या दुकानातून आलेय, काका."

"या, या. तुम्हाला त्रास दिला. पण हिला कडू लागते हो."

घर दोनच खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग होता आणि पलंगावर काकू. कंबरेखालचं अंग गेलेलं. आत ओट्यावर मंद आचेवर कॉफीचं पातेलं ठेवलेलं. कॉफी आटून डांबरासारखी झाली होती.

"ही कधीची?"

"सकाळची. चार दाणे ठेवून घेतले होते. ही केव्हा जागी होईल त्याचा नेम नाही. जाग आली की गरम मिळाली पाहिजे. चाळीस वर्षं हिने स्वतःची स्वतः केली, मी कधी घोटही घेतला नाही. मला कुठून कळणार?"

चोर सापडला, असं वहिनीला वाटलं. तिने पातेलं उतरवलं, पिशवीतले दाणे दळले, पाणी उकळून क्षणभर थांबवलं आणि हळूहळू ओतत ताजी कॉफी गाळली. घर वासाने भरून गेलं. काका शेजारी उभे राहून, माप घ्यावं तसं एकेक गोष्ट डोळ्यांनी टिपत होते. मध्येच त्यांचा झोक गेला तसा त्यांनी ओटा धरला.

काकूंनी दोन घोट घेतले. "कडू आहे," त्या म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. "थांब, अजून एकदा करतो. ताईंनी दाखवलंय मला," म्हणत ते गाळणी धुवायला आत गेले. नळ सुरू झाल्याचं ऐकल्यावर काकूंनी वहिनीचं मनगट धरलं.

"छान झालीय गं," त्या हळूच म्हणाल्या. "तुझी पहिलीही छानच होती."

"मग कडू का म्हणता?"

"ते थांबावेत म्हणून. मला कूस बदलून देतात, अंग पुसतात, आणि जरा टेकायची वेळ आली की कॉफीला उभे राहतात. नको म्हटलं तर तोंड एवढंसं होतं त्यांचं. वाटलं, कडू म्हटलं तर वैतागून सोडून देतील. तर हे तुलाच पाकिटं परत धाडत बसले!" काकू हसल्या, पण हसतानाही त्यांना धाप लागली. "काहीतरी कर बाई. हे पडले तर मला उठवायला कोण आहे?"

नळ बंद झाला. काका ओले हात टॉवेलला पुसत बाहेर आले. वहिनीने घसा खाकरला.

"काका, काकूंचं बरोबर आहे. चूक माझीच. या खेपेचा दाणा माझ्या हातून करपलाय."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. आणि त्या मळ्याचं नवीन पीक यायला अजून दोन महिने आहेत. दुसरं काही मी काकूंना देणार नाही. तोवर कॉफी बंद."

"मग तोवर मी काय करू?" काकांनी अगदी मनापासून विचारलं.

"बसा."

ते पलंगाजवळच्या खुर्चीत बसले. वहिनीने आत जाऊन ती डांबरासारखी कॉफी ओतून टाकली आणि पातेलं घासून पालथं घातलं. बाहेर येऊन बघते तर काकांची मान छातीवर कलली होती, तोंड उघडं होतं आणि काकू त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. दार ओढून घेऊन वहिनी कठड्याला धरत तीन मजले उतरली.

"काय निघालं?" वन्संनी विचारलं.

"मी करपवलं होतं."

वन्संच्या हातातला चिकटपट्टीचा गुंडाळा तसाच राहिला. "तू?"

"हो, मी. त्यांची ऑर्डर काढून टाका." आणि ती दहाव्या घाण्याला उभी राहिली.

दोन महिन्यांनी काका दुकानात आले. दाढी केलेली होती, डोळेही जरा वर आले होते.

"काकू कशा आहेत?"

"आहे तशीच. म्हणते, 'तुमचं घोरणं ऐकत माझी दुपार बरी जाते.'" ते लाजल्यासारखे हसले. "नवीन पीक आलं का?"

वहिनीच्या मागे त्याच मळ्याची पाच पोती रचलेली होती, वर ठसठशीत नाव छापलेलं. काकांची नजर पोत्यांवर गेली आणि तिथे थोडी रेंगाळली.

"अजून नाही, काका," वहिनी म्हणाली.

"असू दे," ते म्हणाले. "काही घाई नाही."